मदत हवी आहे: विहिरीवरच्या मोटारीचं गणित जुळत नाही

आगरवाली:
मंडळी, गुहागर तालुक्यात आमचं आगर आहे. पोफळी, माड, थोडी जायफळं. विहीर आगराच्या खालच्या अंगाला, मीटर घराच्या पडवीत. मधलं अंतर १२० मीटर, त्यात दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर. ती मामंजींनी पंधरा वर्षांपूर्वी माडामाडांवरून नेलेली. मोटार १ एचपी, सिंगल फेज.

एप्रिल लागल्यापासून मोटार अर्ध्या तासात हात लावू देत नाही इतकी तापते आणि पाटाला पाणी निम्मं. वायरमन आले, दोन्ही टोकांना व्होल्टेज बघितलं. घरी २१५, विहिरीवरही २१५. मग मोटार लावून क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा) अडकवला तर ८.५ अँपिअर. "वहिनी, वायर ठणठणीत आहे. वाइंडिंग गेलं, मोटार भरून घ्या." म्हणजे आतली तारेची गुंडाळी नवी करायची. खर्च आहेच, वर चार दिवस शिंपणं बंद. ऐन उन्हाळ्यात पोफळी ते ऐकून घेतील का?

मी कॉमर्सवाली. लेकीचं नववीचं विज्ञान काढून धाराविद्युत वाचत बसले. रोध म्हणजे विभवांतर भागिले विद्युतधारा. सप्लाय तोडून मोटारीचा रोध मोजला, ३ ओहम. २१५ भागिले ३ म्हणजे जवळजवळ ७२ अँपिअर! मग मीटरवर ८.५ कसे? हेच गणित पाण्याच्या रॉडवर केलं तर चोख उतरलं: ३५ ओहम, २३०चा वर्ग भागिले ३५, १,५११ वॅट. रॉडवर १५०० छापलंय. रॉडला लागू पडतं ते मोटारीला का नाही? आणि २१५ गुणिले ८.५ म्हणजे १,८२७ वॅट, तर १ एचपी ७४६च ना? जास्तीचे जातात कुठे?

खाडीपलीकडचा:
बल्बवर करून बघा, आणखी चक्रावाल. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब थंड असताना ४० ओहमच्या आसपास दाखवतो. पेटल्यावर तोच ५२९ ओहमचा होतो. टंगस्टन तापलं की रोध वाढतो. रॉडमधल्या तारेचा फारसा बदलत नाही, म्हणून तुमचं उत्तर जुळलं.

तारमास्तर:
ताई, मोटार म्हणजे नुसती तार नव्हे. फिरायला लागली की ती स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते, बाहेरून येणाऱ्याला अडवणारा. त्यामुळे वाइंडिंगच्या ३ ओहमवरून चालू मोटारीचा करंट काढता येत नाही. बटण दाबल्या क्षणी मोटार उभी असते, उलटा व्होल्टेज नसतो, करंट एकदम खूप ओढला जातो, म्हणून घरातले दिवे डोळा मारतात.

७४६ वॅट हे मोटारीच्या दांड्यावर मिळणारं काम. आत त्याहून जास्त घ्यावेच लागतात. शिवाय मोटारीत व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे थेट वॅट नव्हेत, पॉवर फॅक्टर मध्ये येतो, म्हणजे त्या गुणाकारातला खऱ्या वॅटचा हिस्सा.

आता मुद्द्याचं. ते २१५ आणि २१५ मोटार बंद असताना घेतलेत ना? करंटच नाही तर वायरमध्ये व्होल्ट पडणार कुठून! एकाने पडवीत, एकाने विहिरीवर, फोनवर बोलत मोटार चालू असताना एकाच वेळी मोजा. पायात रबरी चपला हव्यात, ओल्या पाटात उभं राहू नका. विहिरीवरचं माप वायरमनलाच घेऊ द्या.

आगरवाली:
घेतलं. घरी २०५, विहिरीवर १७२, करंट ८.५.

तारमास्तर:
म्हणजे वाटेत ३३ व्होल्ट गेले. ३३ भागिले ८.५, ३.९ ओहम. हा तुमच्या वायरचा रोध, इथे पुस्तकातला नियम अगदी लागू. आता दीडच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम. जाऊन-येऊन २४० मीटर, म्हणजे २.९ यायला हवेत. वरचा १ ओहम कुठून आला? वायरला मध्ये जोड आहे का?

त्या एका ओहममध्ये ८.५ गुणिले ८.५, म्हणजे ७२ वॅट जळतायत. सोल्डरिंगच्या इस्त्रीएवढी उष्णता, एकाच जागी. मेन बंद करून जोड शोधा.

खाडीपलीकडचा:
खरे वॅट हवे असतील तर घरातलं बाकी सगळं बंद करून मीटरचा लाल दिवा मिनिटाला किती लुकलुकतो ते मोजा. किती लुकलुकींना एक युनिट ते मीटरवर छापलेलं असतं.

आगरवाली:
सापडला! तिसऱ्या माडाजवळ. दोन वर्षांपूर्वी झावळी पडून वायर तुटली होती, तेव्हा पीळ मारून नुसती टेप गुंडाळलेली. टेप वितळून डांबरासारखी चिकटलेली, आत तांबं खाऱ्या वाऱ्याने हिरवंगार. वायरमन म्हणाले, "हा जोड माझा नव्हे." असो, हात त्यांचेच लागले. काळा पडलेला तुकडा कापून दाबाचा जोड केला, वर बंद डबी बसवली.

आता चालू मोटारीवर घरी २०६, विहिरीवर १८२, करंट ८. चोवीस भागिले आठ, बरोब्बर ३. लेकीने वहीत लिहून घेतलं.

लाल दिवाही मोजला होता, जोड करायच्या आधी. मिनिटाला ८१, म्हणजे तासाला ४,८६०. आमच्या मीटरला ३२०० ला एक युनिट. म्हणजे १,५१९ वॅट. त्यातले ३३ गुणिले ८.५, २८० वॅट वायरच खात होती. मोटारीला उरले १,२३९. आणि १७२ गुणिले ८.५ तर १,४६२. म्हणजे पॉवर फॅक्टर ०.८५, बरोबर ना?

तारमास्तर:
बरोबर. मोटार तूर्त भरू नका, गरम होते का बघा. व्होल्टेज कमी पडलं की तेवढंच पाणी उचलायला ती जास्त करंट ओढते आणि तापते. जमेल तेव्हा चारची वायर टाका. रोध १.१ ओहमवर येईल, ८ अँपिअरला जेमतेम ९ व्होल्ट पडतील.

आगरवाली:
आज दीड तास चालली, कोमट आहे. चारची वायर पावसाआधी की सुपारीचे पैसे आल्यावर, यावर घरात चर्चा चालू आहे. ती जमिनीखालून न्यायची तर पाइप कुठला घालायचा, तेवढं सांगा.