स्तन न काढता रेडिएशनवर भागते का?

प्रश्न: माझ्या थोरल्या बहिणीच्या डाव्या स्तनात दोन सेंटिमीटरपेक्षा थोडी लहान गाठ आढळली असून बायॉप्सीत कर्करोगाचे निदान झाले आहे. सर्जनांनी पूर्ण स्तन काढणे किंवा केवळ गाठ काढून रेडिएशन घेणे, असे दोन पर्याय दिले आहेत. स्तन ठेवला तर जिवाला धोका राहील, असे आईला वाटते. ताई मात्र विचारते की रेडिएशन घ्यायचेच असेल तर शस्त्रक्रिया तरी कशाला?

उत्तर १: ताईंना सांगा की गाठ काढावीच लागते, मागे राहिलेल्या, तपासणीत न दिसणाऱ्या पेशींचा बंदोबस्त करणे एवढेच रेडिएशनचे काम. आईंची भीती स्वाभाविक असली तरी मिलानमध्ये उम्बेर्तो वेरोनेसी यांनी दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या ७०१ स्त्रियांवर केलेल्या चाचणीचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, त्यांत त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण स्तन राखलेल्यांत ८.८ टक्के आणि काढलेल्यांत २.३ टक्के असूनही दोन्ही गटांतील आयुर्मानात फरक आढळला नाही. मात्र गाठ काढून रेडिएशन टाळणे महागात पडू शकते: अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीत तसे करणाऱ्यांपैकी ३९.२ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग परतला, तर रेडिएशन घेतलेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होते.

उत्तर २: वरील माहिती योग्य आहे, पण गाठ लहान आहे एवढ्यावर होकार देऊ नये. छातीवर पूर्वी रेडिएशन झाले असेल, रुग्ण गरोदर असेल किंवा स्तनात रोग अनेक ठिकाणी पसरला असेल, तर सहसा स्तन काढणेच सुचवले जाते. शिवाय काढलेल्या तुकड्याच्या कडांना पॅथॉलॉजिस्ट शाई लावतात आणि कर्करोगाच्या पेशी त्या शाईला भिडलेल्या दिसल्या तर बहुधा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, याची ताईंना आधीच कल्पना द्यावी. काखेतील लसीका ग्रंथींत (लिम्फ नोड) रोग पोहोचला असेल तर स्तन काढूनही रेडिएशन चुकेलच असे नाही. हे अनेकांना फार उशिरा कळते.

उत्तर ३: माझ्या पत्नीलाही डाव्याच स्तनात कर्करोग होता. खोल श्वास भरून रोखला की हृदय किरणांच्या मार्गातून बरेचसे दूर सरकते, म्हणून तिच्याकडून त्याचा सराव करून घेतला गेला. उपचार तीन आठवड्यांत आटोपले. त्वचा काळवंडली आणि थकवा पुढेही काही काळ टिकला. नियोजनाचे सीटी स्कॅन होण्यापूर्वीच ही श्वास रोखण्याची सोय तेथे आहे का, हे विचारून ठेवा.