मदत हवी आहे: आईला गांधीलमाशीची जबर ॲलर्जी, गावच्या घराला पोळं, काय काय तयारी ठेवू?

मंडळी, जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सल्ला देता येणार नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

माझी आई, वय ६८, दापोली तालुक्यात आमच्या गावच्या घरी राहते, बाबा गेल्यापासून एकटीच. यंदा गणपतीनंतर पाऊस उघडला तशी ती पडवीला पावसासाठी बांधलेली झापं (नारळाच्या झावळ्यांचे विणलेले पडदे) सोडायला गेली. एका झापाच्या मागे वाशाला गांधीलमाशांचं पोळं होतं, ते बाहेरून दिसत नव्हतं, तिने सुंभ ओढलं तशा त्या उठल्या आणि दोन मानेला, एक मनगटाला डसली. शेजारच्या काकूंनी लगेच कोयत्याचं पातं घासलं, वर चुना लावला. आमच्याकडे सगळे तेच करतात, लहानपणी आम्हालाही तेच केलेलं आहे आणि तासाभरात बरं वाटायचं.

या वेळी मात्र दहाएक मिनिटांत आईच्या तळहातांना आणि तळपायांना खाज सुटली, मग अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला आणि ती म्हणाली घशात काहीतरी अडकल्यासारखं होतंय. उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती तिथेच पायरीवर बसली. काकूंच्या मुलाने रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं, डॉक्टर जागेवर होते हे आमचं नशीब, त्यांनी मांडीत इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि थोड्या वेळात आवाज मोकळा झाला. संध्याकाळी घरी सोडलं. केसपेपरवर ‘ॲलर्जी, माशी चावणे’ एवढंच लिहिलंय. परत चावली तर काय करायचं, घरात काय ठेवायचं हे कुणीच सांगितलं नाही आणि याचा मला खरंच राग आहे, कारण गाव दवाखान्यापासून लांब आहे आणि रिक्षा दर वेळी दारात उभी असेल असं नाही.

तेव्हापासून आई ठाण्यात माझ्याकडे आहे. दिवाळी झाली आणि आता तिचं रोज चालू आहे की मला पोचवा, सुपारी पडून कुजेल, गाय दुसऱ्यांच्या जिवावर किती दिवस ठेवायची. तिचं म्हणणं असं की आयुष्यभर मला गांधीण चावतेय, कधी काही झालं नाही, या वेळी उपाशी होते म्हणून झालं असेल. मला हे पटत नाही पण तिला इथे डांबून ठेवणं हेही मला मान्य नाही. तिचं सगळं जग तिथे आहे. डास, पिसवा, काजूवरचे ओंबील (लाल मुंग्या), सगळ्यांसोबत ती राहत आलीय, चिडते आणि कामाला लागते. गांधीलमाशीचं मात्र आता तसं राहिलं नाही.

तर प्रश्न असे. पोळं अजून तिथेच आहे आणि चुलतभाऊ म्हणतोय रात्री पलित्याने जाळून टाकतो. घर कौलारू, वासे जुने, माळ्यावर पेंढा, मला नुसत्या विचाराने धडकी भरते. दुसरा मार्ग कुठला? खिडकीच्या चौकटीत मातीची छोटी घरंसुद्धा आहेत तीही काढायची का? आईसोबत सेट्रिझिनची पट्टी दिली तर पुरेल का? आणि अमेरिकेत ते पेनसारखं इंजेक्शन मिळतं तसं काही आपल्याकडे घरी ठेवता येतं का? ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद: कुडाळकर

ताई, पहिलं म्हणजे जाळू देऊ नका. आमच्या शेजारच्या वाडीत असंच पलित्याने जाळायला गेले, पोळं पेटून खाली पेंढ्यावर पडलं आणि गोठ्याचं अर्धं छप्पर गेलं, गुरं वेळेत सोडली म्हणून वाचली. गांधीलीचं पोळं म्हणजे लाकूड चावून केलेला कागदच, भुरकन पेटतो.

मातीची घरं कुंभारमाशीची. ती एकटी राहते, घराची राखण करत नाही, हातात धरून दाबली तरच चावते. ती राहूदेत. खरी भीती झुंडीने राहणाऱ्यांची, त्यांच्या पोळ्याला धक्का लागला की सगळ्या एकदम येतात आणि मधमाशीसारखी नांगी तुटत नाही त्यामुळे एकच माशी पुन्हा पुन्हा मारते. पोळं किती मोठं आहे? तळहाताएवढं, उघडी भोकं दिसणारं असेल तर काम सोपं आहे. पण फुटबॉलसारखं गोल, बाहेरून कवच आणि एकच तोंड असेल तर आत शेकड्याने असतात, त्याला घरच्या माणसाने हात लावायचा नाही. पावसात ती वाढत जातात आणि भातकापणीच्या सुमारास सगळ्यात मोठी असतात, म्हणजे नेमकी आत्ता.

आम्ही लहान पोळं काढतो ते पूर्ण अंधार पडल्यावर, सगळ्या आत बसलेल्या असताना. लाल कागद लावलेली बॅटरी, कारण पांढऱ्या उजेडावर त्या सरळ चालून येतात. जाड कपडे, तोंडावर जाळी, फवारणीच्या पंपात कपडे धुवायच्या पावडरचं दाट पाणी आणि लांबून जोरात फवारा. साबणाच्या पाण्याने त्या उडू शकत नाहीत आणि गुदमरून मरतात. शिडीवर चढून हे करायचं नाही, अंगावर आल्या की माणूस उडी टाकतो आणि हाडं मोडतात. आणि आई त्या रात्री घरातच काय, वाडीतसुद्धा नको.

प्रतिसाद: भूलवाला_डॉक्टर

मी भूलतज्ज्ञ आहे, हे औषध रोज हाताळतो, म्हणून थोडं ठासून लिहितो.

तुमच्या आईंना झालं ते ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे सगळ्या शरीराला एकदम होणारी, जिवावर बेतू शकणारी ॲलर्जी. आधी आयुष्यभर काही झालं नाही हे त्या खरंच सांगत असतील. शरीर आधीच्या डंखांतूनच त्या विषाविरुद्ध तयार होतं आणि मग एखाद्या वेळी असं उसळतं. उपाशी असण्याचा काही संबंध नाही. पुढच्या वेळी इतकंच होईल असं नाही, कमी होईल किंवा जास्तही, पण इतरांपेक्षा त्यांना धोका बराच जास्त आहे हे नक्की.

सेट्रिझिनने खाज आणि गांधी कमी होतात. घशाची सूज आणि पडलेलं बीपी त्याने सावरत नाही, शिवाय गोळीला चढायला वेळ लागतो. जीव वाचवतं ते ॲड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. तुमच्या डॉक्टरांनी दिलं ते बहुधा हेच आणि अगदी योग्य दिलं. तयार पेन आपल्याकडे नाक्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. ॲम्प्युल (औषधाची काचेची छोटी बंद कुपी) मात्र स्वस्त असते, १ मिलीत १ मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला साधारण अर्धा मिली. पण हे इथे वाचून कुणी करायचं नाही, तुमच्या डॉक्टरांनी डोस लिहून द्यायचा आणि घरच्या दोघा-तिघांना सिरिंज भरायला प्रत्यक्ष शिकवायचं. ॲम्प्युल उजेडापासून आणि उन्हापासून जपायची, फ्रिजमध्ये नाही, एक्सपायरी बघत राहायची.

इंजेक्शन दिल्यावर आडवं झोपवून पाय उंच. धाप असेल तर टेकून बसवा, पण उभं करायचं नाही, चालत रिक्षापर्यंत तर अजिबात न्यायचं नाही. लगेच १०८ ला फोन. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, कारण काही तासांनी तेच पुन्हा उलटू शकतं.

एक महत्त्वाचं विचारायचं राहिलं. आई बीपीची कुठली गोळी घेतात?

प्रतिसाद: साधा_माणूस

लोखंड घासल्याने विष उतरतं हा आमच्या घरात पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. नाही तर कांदा चोळा. उगाच इंजेक्शनं घरात ठेवून म्हाताऱ्या माणसाला घाबरवू नका.

प्रतिसाद: भूलवाला_डॉक्टर

साध्या डंखाची आग आपोआप तासाभरात उतरते, म्हणून लोखंडानेही उतरते आणि कांद्यानेही. थंड लोखंडाने बरं वाटतं त्यात वाईट काही नाही. पण ज्यांचा आवाज बसतोय त्यांच्या बाबतीत कोयता शोधण्यात गेलेली पाच मिनिटं फार महाग पडतात. आईंसाठी हा उपाय कृपया सुचवू नका.

प्रतिसाद: धागाकर्ती

डॉक्टर, आत्ता डबी बघून आले. मेटोप्रोलॉल. बरीच वर्षं चालू आहे. याचा काही संबंध आहे का?

प्रतिसाद: भूलवाला_डॉक्टर

आहे. हे बीटा ब्लॉकर आहे, म्हणजे बीपी आणि हृदयाची गती कमी ठेवणारं औषध, आणि ते शरीरात असताना ॲड्रेनालिनचा असर कमी पडू शकतो. स्वतःहून गोळी बंद करू नका, एकदम थांबवली तर हृदयाला त्रास होतो. याच आठवड्यात फिजिशियनकडे जा, झालेली घटना आणि केसपेपर दाखवा आणि विचारा की ही गोळी नुसत्या बीपीसाठी आहे की हृदयासाठीही. नुसती बीपीसाठी असेल तर ते बदलून देतील. हृदयासाठी लागत असेल तर तेही त्यांना ठरवूदे. सोबत ॲलर्जीच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या, विषाची सवय लावत जायची दीर्घ उपचारपद्धतही असते, ती तुमच्या आईंना लागू पडते का ते तेच सांगतील.

प्रतिसाद: न्यूजर्सीकर

माझ्या नवऱ्याला हाच त्रास आहे, इथे यलोजॅकेट नावाच्या माशांमुळे. दोन पेन कायम त्याच्यासोबत, कारण पहिल्याने पुरलं नाही तर दुसरं लागतं. आमचा अनुभव एवढाच सांगते की औषध कपाटात असून उपयोग नाही. तो लॉनवर गेला तरी छोटी बॅग कमरेला. तुमच्या आई गोठ्यात, आगरात, विहिरीवर फिरणार, तर कमरेच्या पिशवीत मोबाईल आणि किट हवंच, वर एक चिठ्ठी की मला कसली ॲलर्जी आहे. आणि बागेत काम करताना बंद चप्पल किंवा बूट, पडलेल्या फळांवर त्या बसलेल्या असतात.

प्रतिसाद: कुडाळकर

फळांवरून आठवलं. आई मासे कुठे साफ करतात? गांधीली कोळंबीची सालं, माशाची आतडी उचलायला हमखास येतात. आमच्याकडे मागच्या दारी तेच व्हायचं. आता साफ केलं की कचरा लगेच मातीत पुरतो आणि दगडावर भरपूर पाणी ओततो, येणं पुष्कळ कमी झालंय. सुकी मासळी वाळत घालायची तर घरापासून लांब.

पुढच्या वर्षासाठी अजून एक. पाऊस सुरू व्हायच्या आधी आणि नंतरही मधून मधून वळचणीखालून, झापांमागून, माळ्याच्या कोपऱ्यातून नजर फिरवायची. सुरुवातीला पोळं रुपयाएवढं असतं, एखाद-दुसरीच माशी असते, तेव्हा लांब काठीने पाडलं की मिटलं. हे काम भावाने करायचं, आईने नाही. झापंसुद्धा यापुढे त्यांनी सोडायची नाहीत.

प्रतिसाद: धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मेटोप्रोलॉलचं इथे कळलं नसतं तर मी सेट्रिझिनची पट्टी देऊन आईला गाडीत बसवून दिलं असतं. सोमवारची फिजिशियनची अपॉइंटमेंट घेतली आहे, केसपेपर सोबत नेतेय. इंजेक्शन कसं द्यायचं ते मी आणि चुलतभाऊ दोघंही शिकणार आहोत, काकूंच्या मुलालाही सांगितलंय, तो लगेच हो म्हणाला. आईला कमरेच्या पिशवीचं सांगितलं तर म्हणाली पानाच्या चंचीच्या शेजारी बसेल, म्हणजे तेवढं तरी तिला पटलं.

भावाने पोळ्याचा फोटो पाठवलाय. कुडाळकर, तुम्ही म्हणता ते गोल, कवचवालं, एका बाजूला तोंड असलेलंच आहे, नारळापेक्षा मोठं. त्याला सांगितलंय की पलिता नाही, पंप नाही, कुणी हात लावायचा नाही. तोपर्यंत आई इथेच. दापोली, मंडणगड, खेड बाजूला हे काम खरंच सरावाने आणि पूर्ण पोशाख घालून करणारा कुणी माणूस माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, येण्या-जाण्याचा खर्च आणि जे काय पैसे होतील ते आम्ही देऊ.