दंतकथेतले प्राणी, बांधावरचे प्राणी : तुमचे अनुभव

दुतोंडं मांडूळ, म्हशीचं दूध पिणारी धामण, माळ्यावरचं भूत. हे प्राणी आपण गोष्टींतून ओळखतो, पण त्यांतले बरेचसे खरेच आहेत आणि गोष्टीपायीच मारले किंवा विकले जातात. म्हणून हा धागा. ऐकीव नको, स्वतः पाहिलेलं लिहा. सुरुवात मी करते.

आमचं गाव सांगोल्याकडे, माळरानाचं. ‘मांडूळ सहा महिने या तोंडानं चालतं, सहा महिने त्या’, असं आजी ठामपणे सांगायची. नांगरटीत निघालेलं एक मांडूळ वडिलांनी मला जवळून दाखवलं. शेपूट आखूड, बोथट, डोक्याएवढंच जाड. डिवचलं की डोकं वेटोळ्याखाली दडवून शेपूट वर धरतं. घाव पडलाच तर शेपटावर पडावा. गारुडी तर त्या शेपटावर चिरा पाडून डोळे-तोंड ‘काढायचे’. बिचारं बिनविषारी, उंदरांवर जगणारं. पण गुप्तधन दाखवतं या समजापायी त्याचे लाखांत सौदे होतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते पकडणं-विकणं गुन्हा आहे, तरी मांडूळ तस्करीच्या बातम्या थांबत नाहीत.

कराडजवळून

आमच्याकडं म्हैस आटली की नाव धामणीचं. पायाला विळखा घालून सड चोखते म्हणे. अहो, सापाला चोखायला ओठ कुठं असतात? दात आत वळलेले, अणकुचीदार. सडाला लागले तर म्हैस उभी राहील का? धामण गोठ्यात येते ती उंदरांमागं.

दुसरं म्हणजे ‘नाग-धामणीचं लगीन’. ओढ्याकाठी दोन साप एकमेकांना पीळ घालून उभे राहिलेले मी पाहिलेत. लोकांनी वरून कोरं उपरणं टाकलं, ते घरात ठेवलं की बरकत येते म्हणून. सोबतच्या सर्पमित्रानं दाखवून दिलं की दोन्ही धामणीच होत्या, आणि दोन्ही नर. ती झुंज होती. चावाचावी नाही, समोरच्याचं डोकं खाली दाबायचं. जो दबला तो निघून गेला.

मूळ नाशिक, नोकरी जैसलमेर

थरच्या वाळवंटात ‘पीवणा’ची फार धास्ती. हा साप चावत नाही. झोपलेल्याच्या छातीवर बसून श्वास पितो, तोंडात विष सोडतो आणि उजाडेपर्यंत माणूस संपतो, असं तिथले लोक सांगतात.

आमच्या कामावरचा एक मजूर सकाळी पोट दुखतंय म्हणत उठला. अंगावर कुठे खूण नाही, सूज नाही. थोड्या वेळानं पापण्या मिटायला लागल्या, बोलणं अडखळलं, पाण्याचा घोट गिळवेना. सोबतचे म्हणाले, पीवणा. त्याला भोप्याकडे, म्हणजे तिथल्या झाडफूक करणाऱ्याकडे, न्यायचं ठरत होतं. आम्ही हट्टानं जीप काढली आणि रुग्णालय गाठलं. डॉक्टरांनी मण्यारीचा दंश ओळखला, प्रतिविष दिलं, श्वासासाठी यंत्र लावलं. तो वाचला.

मण्यार रात्री फिरते, जमिनीवरच्या अंथरुणात शिरते. दात इतके बारीक की झोपलेल्याला चावा कळतही नाही. विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप तोडतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. त्या लोकांनी पाहिलेलं सगळं खरं होतं: रात्र, झोप, खूण नाही, श्वास गेला. फक्त चावा दिसला नव्हता. आपल्याकडेही मण्यार भरपूर आहे. खाली झोपत असाल तर मच्छरदाणी लावा आणि गादीखाली नीट खोचा. हे मी भेटेल त्याला सांगतो.

वाई

दादा, तुमचं वाचून आईला मच्छरदाणी आजच लावून दिली. माझा अनुभव छोटा आहे. वाड्याच्या माळ्यावर रात्री फुत्कार आणि किंकाळ्या, म्हणून तिकडे कुणी फिरकत नसे. भावानं दिवसा शिडी लावली. गव्हाणी घुबडाची पिल्लं होती, पांढऱ्या, बदामाच्या आकाराच्या चेहऱ्यांची. खाली उंदरांच्या हाडांचे गोळे. माळा आम्ही तसाच ठेवलाय.

पुणे

काकांनी पूजासाहित्याच्या दुकानातून ‘हाथाजोडी’ आणली. दुर्मीळ वनस्पतीची मुळी, शेंदरात बुडवून तिजोरीत ठेवायची, असं दुकानदारानं सांगितलेलं. मी वनस्पतीशास्त्राची विद्यार्थिनी. मला ती मुळी वाटेना. साल नाही, तंतू नाहीत. शोधल्यावर कळलं ते वाचून पोटात ढवळलं. ते घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. साप-सरड्यांच्या नरांत ते जोडीनं असतं, म्हणून दोन जोडलेल्या हातांसारखं दिसतं. २०१७ मध्ये हा व्यापार उघडकीस आला होता. सिंहगडाच्या पोवाड्यातल्या यशवंती घोरपडीचं नाव आपण मानानं घेतो, आणि तिच्याच जातीचे असे तुकडे देवघरात ठेवतो!

काका ती वनविभागात जमा करायला तयार आहेत, पण बाळगल्याबद्दल आपल्यावरच गुन्हा होईल का, या भीतीनं अडलेत. इथे कुणी असं काही जमा केलं असेल तर काय करावं लागलं ते कृपया लिहा.