संत्र्याच्या सालीच्या तेलाचं मलम लावलं त्या जागी खाज सुटली, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी वरुड तालुक्यातली, आमचा दहा बायांचा बचत गट हाय. फेब्रुवारीत मृग बहाराची संत्री निघाली तेव्हा आम्ही सालीचं तेल काढलं. गटाकडे छोटी स्टीलची भट्टी हाय, खाली पाणी, जाळीवर सालं, वाफ नळीतून थंड करायची अन् वर तरंगलेलं तेल सिरिंजनं उचलायचं. संत्रं सोलताना डोळ्यात फवारा उडतो ना, अगदी तोच वास.

उरलेलं तेल पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत अर्धंच भरलेलं होतं, टिनाच्या खोलीत, आख्खा मे महिना. आता दिवाळीच्या ऑर्डरसाठी काढलं तर बाटलीले पोचे पडलेले, झाकणाच्या आट्यांत चिकट राळ अन् वासात संत्रं कमी टर्पेंटाइन जास्त. तरी मी अर्धा किलो मलमात (तीळतेल अन् मधमाशीचं मेण) चहाचे दोन चमचे टाकलं. जाऊबाईनं दोन आठवडे रोज गळ्याले लावलं, काही नाही झालं, मग कापूस वेचून आली त्या रात्री लाल चट्टा अन् बारीक पुरळ.

काहून झालं असंल? तेल जास्त पडलं, की ऊन लागलं (लिंबाच्या तेलानं उन्हात डाग पडतात म्हणतात), की तेलच बिघडलं? चाळीस डब्या भरून ठेवल्या हायेत, गावातल्याच लेकीबाळी लावतील, मले तर झोप नाही येत.

प्रतिसाद, वर्धा:
ताई, डब्या अजिबात देऊ नका. प्रमाण दीड-पावणेदोन टक्केच होतं, ते काही फार नाही. उन्हाचा संशयही कमी, डाग पाडणारे घटक वाफेसोबत येतच नाहीत. मले तेलावरच शंका येते. संत्र्याच्या तेलात ९० टक्क्यांच्या वर लिमोनीन असतं, ताजं असताना ते सहसा त्रास देत नाही, पण हवा अन् उष्णता लागली की त्याचे हायड्रोपेरॉक्साइड बनतात अन् त्यांची अ‍ॅलर्जी अशीच काही दिवसांनी उठते. प्लास्टिकले पोचा पडतो तोही लिमोनीननंच. जाऊबाईले मलम बंद करायले सांगा, चट्टा डॉक्टरले दाखवा, अन् एकदा अ‍ॅलर्जी बसली की पुढे ताज्या तेलानंही जपून राहावं लागतं. पुढच्या वेळी गडद काचेची छोटी बाटली, गळ्यापर्यंत भरलेली, फ्रिजमध्ये. व्हिटॅमिन ई टाकायचं तर ताज्या तेलातच, बिघडलेलं त्यानं सुधरत नाही. अन् विकायचं असंल तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे परवाना लागतो, तेही बघा.

मूळ लेखिका:
लय आभार भाऊ. डब्या एकही दिली नाही, आज सगळ्या बाजूले ठेवल्या. आता रोशा गवताचं तेल वापरावं म्हणतो, त्यात जिरॅनिऑल असतं ना, गुलाबासारखा वास येतो, तेही असंच बिघडते का?

प्रतिसाद, वर्धा:
तेही बिघडते, हळू. जिरॅनिऑलची अ‍ॅलर्जीही लोकाले असते, युरोपात तर ०.००१ टक्क्याच्या वर असलं की अंगाले लावायच्या क्रीमच्या डबीवर नाव छापावं लागते. अर्धा टक्क्यानं सुरू करा अन् कोपराच्या आतल्या बाजूले दिवसातून दोनदा, दोन आठवडे लावून बघा.