नागपूरचं लग्न: बसची वेळ

सावंत काका (बी-३०२): बस पहाटे ५ ला सुटणार हे कोणी ठरवलं? ग्रुपवर विचारायची पद्धत बंद झाली का? नोटीस थेट लिफ्टमध्ये चिकटवलीय, तीही तिरकी.

नीलेश सेक्रेटरी: काका, रविवारच्या मीटिंगमध्ये ठरलं. तुम्ही नव्हतात 🙏

सावंत काका: दुपारी ३ ची मीटिंग मुद्दाम ठेवता. असो.

जोग काकू (ए-१०४): बसमध्ये बाथरूम आहे का?

नीलेश सेक्रेटरी: समृद्धी महामार्गावरून आठ तास. दुपारी १ ला नागपूर, जेवण, आराम, ७ ला सीमांतपूजन.

मंदार (सी-५०१): नीलेशदादा, ते आठ तास कारचे. कारला ताशी १२० ची मर्यादा, बसला १००. आणि समृद्धीचे ७०१ किमी भिवंडीजवळच्या आमणेपासून मोजतात, आपल्या गेटपासून नाही. ठाण्यातून आमणे, तिकडे नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून हॉल, वर चहा-जेवण. दुपारी ४ धरा.

भोसले (बी-१०१): जोशींच्या सगळ्या साड्या चढेपर्यंत ६ वाजतील, म्हणजे ५ 😂

जोशी वहिनी (बी-१०२): भोसले भाऊजी, महाबळेश्वरला बस कोणासाठी थांबली होती? वस्तरा कोण विसरलं होतं?

संध्या (सी-२०३): विमानाने जाऊ या ना. दीड तास फक्त!

मंदार: दीड तास हवेत. ठाण्याहून एअरपोर्ट, चेक-इन, बॅगा धरून सहा तास जातात. आणि समृद्धीचं म्हणाल तर रस्ता अगदी सरळ. म्हणून तर ड्रायव्हरला डुलकी लागते. दोन ड्रायव्हर हवेत, आणि टायर बघून घ्या. मे महिन्यात ते काँक्रीट तव्यासारखं तापतं.

जोग काकू: बसमध्ये बाथरूम आहे का?

सावंत काका: विमानाचे पैसे कोण देणार? की तेही मेंटेनन्समधून? गणपतीचा हिशोब अजून आलेला नाही.

नीलेश सेक्रेटरी: गणपतीचा हिशोब १२ तारखेला टाकलाय. वर जाऊन बघा. बसचे पैसे वानखेडेसाहेब स्वतः देतायत, हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं.

सावंत काका: मी कोणाच्या उपकारांबद्दल बोललो नाही. वेळेबद्दल बोललो.

वानखेडे (ए-३०३): काहून भांडून राहिले जी सारे? माह्या पोराचं लग्न आहे, या फक्त. ४ ला पोहोचा का ६ ला, सावजीचा रस्सा तयार राहीन.

भोसले: मग बाथरूमचा प्रश्न परतीच्या प्रवासात जास्त गंभीर 😂

जोशी वहिनी: शी!

सावंत काका: आम्ही वर्षानुवर्षं विदर्भ एक्सप्रेसने गेलो. रात्री ठाण्याला चढायचं, पसरायचं, सकाळी नागपूर. ना टायर, ना समृद्धीचा बोगदा.

मंदार: काका, इगतपुरीचा तो बोगदा जवळपास ८ किमीचा आहे. कसारा घाटाचा त्रास वाचतो त्याने.

सावंत काका: मी घाटाची तक्रार केलीच नव्हती.

नीलेश सेक्रेटरी: पहाटे ४ फायनल. दोन ड्रायव्हर. विमानवाले आपापलं बघतील. विषय बंद.

सावंत काका: ५ ला विरोध केला तर ४ झाले. वा.

जोग काकू: बसमध्ये बाथरूम आहे का?

नीलेश सेक्रेटरी: नाही काकू.

जोग काकू: मग सावंत भाऊ, विदर्भचं माझंही तिकीट काढा. खालचा बर्थ.

सावंत काका: मी ट्रेनने जातोय असं कधी म्हटलं?

जोग काकू: दाराशी डबा पाठवते, पैसे त्यात ठेवलेत.