कोको आणि यम यमच्या रहस्यकथा : आरंभ कोणत्या पुस्तकापासून करावा?

प्रश्न
लिलियन जॅक्सन ब्राउन यांच्या ‘द कॅट हू’ मालिकेतील एकही पुस्तक मी अद्याप वाचलेले नाही. झुपकेदार मिशांचा पत्रकार क्विलरन आणि त्याची दोन सयामी मांजरे यांच्याविषयी ऐकून उत्सुकता वाटली, परंतु २९ कादंबऱ्यांची यादी पाहून मन बिचकले. त्या क्रमानेच वाचाव्या लागतात का? शिवाय यातील मांजरे माणसांसारखी बोलत असतील, तर मी वाटेला जाणार नाही.

प्रतिसाद १
मांजरे बोलत नाहीत. कोको फार तर फडताळावरून एखादे पुस्तक खाली ढकलतो किंवा भलत्या वेळी आक्रोश करतो. त्याचा अर्थ लावतो तो क्विलरन, आणि हा निव्वळ योगायोग तर नव्हे, ही शंका लेखिका शेवटपर्यंत जिवंत ठेवते.

क्रमाविषयी सांगायचे तर, खुनाचा उलगडा त्या त्या पुस्तकातच होत असल्यामुळे रहस्यापुरता क्रम मोडला तरी बिघडत नाही. क्विलरनच्या आयुष्याचे मात्र तसे नाही. १९६६ च्या ‘द कॅट हू कुड रीड बॅकवर्ड्स’ या पहिल्या कादंबरीत तो दारूच्या व्यसनातून सावरलेला, एका दैनिकात कलाविषयक वार्तांकनाचे काम नाइलाजाने पत्करणारा एकटा माणूस आहे. कोको त्याला तेथे भेटतो, यम यम दुसऱ्या पुस्तकात येते. मांजरांचा गंधही नसलेला हा माणूस त्यांच्या पुरता कह्यात कसा जातो, हे पाहण्यातच खरी गंमत असल्याने मी पहिल्यापासूनच सुरुवात करावी असे म्हणेन.

प्रतिसाद २
माझे मत थोडे वेगळे आहे. पहिल्या तीन कादंबऱ्या १९६६ ते १९६८ मधल्या, महानगरात घडणाऱ्या आणि काहीशा रुक्ष आहेत; त्यानंतर तब्बल १८ वर्षांनी, १९८६ मध्ये, ‘द कॅट हू सॉ रेड’ आली. ज्या निवांत मूस काउंटीसाठी (एक काल्पनिक ग्रामीण परगणा) ही मालिका ओळखली जाते, ती पाचव्या पुस्तकापासून, म्हणजे १९८७ च्या ‘द कॅट हू प्लेड ब्राह्म्स’पासून येते. म्हणून चौथ्यापासून आरंभ करावा आणि गोडी लागली की मागे वळावे. पाचव्याच्या अखेरीस क्विलरनचे आयुष्य पालटते, आणि पुढच्या पुस्तकांत ते गृहीतच धरलेले असल्यामुळे त्यांची मलपृष्ठे आधी वाचू नयेत. अखेरच्या काही कादंबऱ्यांत कथानक फारच विरळ झाले आहे. तेथून तर मुळीच सुरुवात करू नये.

प्रतिसाद ३
‘द कॅट हू हॅड फोर्टीन टेल्स’ हा कथासंग्रह असून त्यात क्विलरन नाही. नावावरून फसून मी आधी तोच आणला होता.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. मांजरे बोलत नाहीत, एवढ्यानेच निम्मे काम झाले. कोकोची पहिली भेट चुकवणे जिवावर येते, त्यामुळे १९६६ पासूनच आरंभ करते. रुक्ष वाटल्यास थेट चौथ्यावर उडी घेईन.