साखर पेठेतून जुळे सोलापूरला घर हलवायचंय: पाण्याचा दिवस, फ्रीज, इन्व्हर्टर, करार

प्रश्न: साखरपेठकर

मेच्या शेवटी भाड्याच्या घरात जायचंय. आत्ता जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर आहोत, गल्लीत टेम्पो शिरत नाही. नवं घर तळमजला, वर मालक राहतात. घरात आम्ही पाच जण: सासूबाई, दोन मुलं आणि आम्ही दोघं. वर मालकांकडे तिघं. हौद दोघांत मिळून एकच, 5 बाय 4 फूट आणि 4 फूट खोल. गच्चीवर 1000 लिटरची टाकी. मालक म्हणतात पाणी चार दिवसांआड येतं.

सामान: डबल डोअर फ्रीज, फ्रंट लोड वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी, आरशाचं लोखंडी कपाट, ज्वारीची कोठी, दिवाण. तारीख कशी धरावी आणि काय आधी न्यावं?

उत्तर 1: हौद_आणि_मोटर

ताई, मुहूर्त बघा, पण त्याआधी पाण्याचा दिवस बघा. सोलापुरात घर हलवायची तारीख नळ ठरवतो.

चार दिवसांआड म्हणजे पाचव्या दिवशी. त्यामुळे वार दर वेळी पुढे सरकतो. मालकांकडून मागच्या दोन वेळच्या तारखा घ्या आणि कॅलेंडरवर पुढच्या तीन खुणा करा. उजनी धरणाकडच्या पंपाची वीज गेली किंवा लाइन फुटली की चक्र एक दिवस सरकतं, म्हणून टेम्पोवाल्याला पक्की तारीख पाणी येऊन गेल्यावरच द्या.

क्रम असा. पाणी यायच्या आदल्या दिवशी हौद तळाला गेलेला असतो, तेव्हाच तो धुवून घ्या. पाण्याच्या दिवशी हौद आणि गच्चीची टाकी दोन्ही भरा. सामान दुसऱ्या दिवशी न्या. उलटं केलंत तर पहिल्याच दिवशी फरशी धुवायला, भांडी विसळायला पाणी नाही आणि टँकर शोधायची वेळ.

आता हिशोब. 5×4×4 म्हणजे 80 घनफूट. एका घनफुटाला 28.3 लिटर धरलं की सुमारे 2260 लिटर. पण फूटव्हॉल्व्ह (मोटरच्या पाइपच्या खालच्या टोकाची झडप) तळापासून अर्धा फूट वर असतो, खालचं 280 लिटर मोटर ओढत नाही. हातात राहिलं 1980. नळ चालू असतानाच मोटर लावून गच्चीची टाकी भरली तर 2980. तुम्ही आठ जण, माणशी 90 लिटर आणि पाच दिवस म्हणजे 3600. सहाशेचा खड्डा आहे. 200 लिटरचे तीन बॅरल लागतील, जागा आत्ताच ठरवा. बॅरल कुणाचे आणि मोटरचं बिल कुणाकडे, हे करारात लिहा. नंतर वाद होतो तो नेमका यावरच.

हौद धुताना झाकण अर्धा तास उघडं ठेवा, मोटरचा मेन स्विच बंद करा, बाहेर एक माणूस उभा ठेवा आणि मगच उतरा. बंद हौदात हवा खराब असते, हे हलक्यात घेऊ नका. बादलीभर पाण्यात दोन मूठ टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कालवून निवळू द्या, वरचं पाणी झाडूने भिंतींना लावा, अर्ध्या तासाने दोनदा धुवून काढा. तळाचा गाळ मगाने भरून बाहेर टाका, मोटरने ओढू नका. फूटव्हॉल्व्हमध्ये खडा अडकला की तो नीट मिटत नाही, पाणी मागे उतरतं आणि दर वेळी मोटरमध्ये वरून पाणी ओतत बसावं लागतं.

उत्तर 2: टेम्पो_भरणी

छोटा हत्ती टेम्पोचा मागचा हौदा साधारण 7 बाय 5 फुटांचा, वजन पाऊण टनाच्या आसपास पेलतो. तुमच्या सामानाला तीन फेऱ्या धरा. सकाळी सहाला पहिली फेरी निघाली पाहिजे. मेमध्ये अकरानंतर लोखंडी कपाटाला हात लावता येत नाही, हमालही दमतात.

हमालीचा दर ठरवताना तीन गोष्टी आधीच सांगा: गल्लीच्या तोंडापासून जिना किती लांब, मजले किती, कपाट अरुंद जिन्यातून वळतं का. जिन्याचं वळण दोरीने मोजा. कपाटाला चार माणसं लागतात, बाकी सामानाला तीन पुरतात.

फ्रीज पहिल्याच फेरीत. आदल्या रात्री बंद करून रिकामा करा, बर्फ वितळू द्या, मागच्या ट्रेमधलं पाणी काढा. उभाच न्या. आडवा केला की कॉम्प्रेसरचं तेल गॅसच्या नळीत उतरतं आणि लगेच सुरू केला तर कॉम्प्रेसर जाऊ शकतो. पहिल्या फेरीत नेला की बाकी सामान येईपर्यंत तो आपोआप चार तास उभा राहतो, मग लावा. आडवा न्यावाच लागला तर एक दिवस थांबा.

फ्रंट लोड मशीनला ट्रान्झिट बोल्ट (नेताना ड्रम घट्ट धरून ठेवणारे बोल्ट) हवेतच, बहुतेक मशिनला चार असतात. ते न लावता नेलं तर ड्रम आतल्या आत आपटतो, ड्रमचे धक्के झेलणारे शॉकर निकामी होतात. खालचा फिल्टर उघडून उरलेलं पाणी काढा. नव्या घरी बोल्ट काढल्याशिवाय मशीन चालू करू नका, नाहीतर ते अख्ख्या बाथरूमभर नाचतं.

ज्वारी कोठीतून काढून पोत्यात भरा. भरलेली कोठी उचलली की बुडाच्या शिवणीला उसवते. काचेला, आरशाला वेगळा फोम आणू नका. घरात सोलापुरी चादरी असतीलच, दोनदा दुमडून फ्रीज आणि कपाटाच्या मध्ये घाला. आरशाची बाजू आत.

कपाट ठेवल्यावर दार आपोआप उघडत असेल किंवा कुलूप बसत नसेल तर दोष कपाटात नसतो, फरशीला उतार असतो. पुढच्या पायाखाली फरशीची चकती घालत जा, दार जिथे सोडाल तिथे थांबेपर्यंत.

उत्तर 3: वायरमन_दादा

बॅटरीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

आधी इन्व्हर्टर बंद, मग मेनचा प्लग बाहेर, मग काळी वायर, शेवटी लाल. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, कारण पाना एकाच वेळी दोन्ही टर्मिनलला टेकला तर मोठी ठिणगी उडते. अंगठी, बांगड्या काढून ठेवा. वायरींचा फोटो काढा. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून पुसा, झाकणांच्या आत जाऊ देऊ नका.

ट्यूब्युलर बॅटरी 50 किलोच्या वर भरते, दोघांनी उचला. तिरकी झाली की ॲसिड झिरपतं आणि कपड्याला भोकं पडतात. टेम्पोत केबिनच्या मागे लागून ठेवा, तिथे धक्के कमी बसतात. जोडताना आधी लाल, मग काळी. वर व्हॅसलिन लावा.

नव्या घरात गीझर, मशीन यांच्या 16 अँपियरच्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते टेस्ट लॅम्पने (दोन वायरी जोडलेल्या तपासणीच्या दिव्याने) बघून घ्या. फेज आणि अर्थिंगमध्ये दिवा पूर्ण लागला पाहिजे. मिणमिणला तर अर्थिंग नीट नाही, मालकांना आधी सांगा.

साखरपेठकर

खूप उपयोग झाला. वीज सब-मीटरवर (मालकांच्या मीटरवरून जोडलेल्या मीटरवर) आहे, ते चालेल का? आणि सासूबाईंना आधी देव न्यायचेत.

उत्तर 4: करार_बघून_सही

चालतं, पण दर लिहून घ्या. एकाच मीटरवर दोन घरं असली की एकूण युनिट वरच्या, जास्त दराच्या स्लॅबमध्ये जातात आणि तुमचं प्रत्येक युनिट महाग पडतं. जमत असेल तर महावितरणचं वेगळं मीटर मागा. नाहीतर दर महिन्याचं मूळ बिल दाखवायचं, ही अट घाला. पहिल्या दिवशी दोन्ही मीटरच्या आकड्यांचा, भिंतींच्या ओलीचा, नळांचा फोटो तारखेसह मालकांना पाठवा.

करार नोंदणीकृतच करा. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार तो लेखी आणि नोंदवलेला लागतो, नोंदणीची जबाबदारी मालकाची. पण तोंडी भाडं किती ठरलं यावर वाद झाला आणि करार नोंदवलेला नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत तुमचं म्हणणं ग्राह्य धरतात. म्हणून मालकांनाही तो हवा असायला पाहिजे. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यायची आहे, तेही त्याच आठवड्यात उरका.

सिलिंडर उभाच न्या, रेग्युलेटर काढून सेफ्टी कॅप लावा. जोडल्यावर सांध्यांना साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर पेटवू नका, खिडक्या उघडा.

देव खुशाल आधी न्या. आदल्या दिवशी पाणी भरायला जालच, तेव्हाच सासूबाईंना सोबत घ्या. देव, मीठ, पाण्याचा तांब्या ठेवून शेगडीवर दूध उतू घालवून या, म्हणजे दुसऱ्या दिवशी हमालांच्या गर्दीत त्यांची घाई होणार नाही. त्या दिवशी स्वयंपाक नको: कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही वेगळ्या पिशवीत घ्या. ती पिशवी टेम्पोत नाही, तुमच्या हातात.